कपाटातली बंदूक आणि उखळातले मुसळ



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, कपाटातला आहे. आणि घरातले कपाट दिवसातून वीस वेळा कोण उघडते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

महिन्याभरात एकच प्रश्न माझ्याकडे दोन दिशांनी आला. पहिला गावातूनच. आमच्या ब्राह्मणपुरीत कापूस, पपई, केळी, ऊस ही पिके. हंगामाचे पैसे हातात आले की दोन-चार दिवस तरी ते घरात असतात. गावठाणातल्या घरांना शेजार आहे, पण मळ्यात राहायला गेलेली कुटुंबे आता वाढली आहेत, आणि तिथे हाक मारली तर ऐकायला उसाशिवाय कोणी नसते. अशाच एका मळ्यातल्या घराची कडी रात्री कोणीतरी हलवून पाहिली. दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर पुरुषमंडळींचे ठरले, की आता लायसन्स काढायचेच.

दुसरा प्रश्न टेक्सासहून. माझ्या भाचीने फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "मावशी, ह्यांनी घराच्या रक्षणासाठी हे बघून ठेवलंय. दिसायला पिस्तूल आहे, पण गोळी रायफलची. दोन मॉडेल आहेत, कोणतं घ्यायचं एवढंच ठरायचंय. तुला काय वाटतं?" तिला वाटले असेल मावशी नवकार म्हणून सोडून देईल. मी मात्र तिला बसवून तासभर प्रश्न विचारले आणि मग स्वतःही बरेच वाचले.

माझे मत आधीच सांगते. घरात बंदूक आणू नये. मळ्यातल्या घरात नाही, टेक्सासच्या घरात तर नाहीच. पण "आपण जैन, म्हणून नको" एवढ्यावर हा विषय मिटत नाही. तसे म्हणणाऱ्या बायांना पुरुष हसतात, आणि त्यांचे हसणे अगदीच चुकीचे नसते.

कारण धर्म आपल्याला मार खाऊन घ्या असे सांगत नाही. हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो. ठरवून केलेली ती संकल्पी, चूल-पाण्यात होते ती आरंभी, धंद्या-शेतीत होते ती उद्योगी, आणि स्वतःला, घराला, देशाला वाचवताना होते ती विरोधी. श्रावकाने सोडायची ती संकल्पी. बाकीच्या तीन कमी करत जायच्या. त्या पूर्ण सुटतात त्या साधूला. गंग राजांचा सेनापती चामुंडराय लढाया लढला, आणि त्यानेच दहाव्या शतकाच्या शेवटी श्रवणबेळगोळला बाहुबली उभा केला. भगवती सूत्रात वरुणाची कथा आहे. राजाज्ञेने तो रणात गेला, पण त्याचा नियम होता की जो आधी प्रहार करील त्याच्यावरच आपण प्रहार करायचा. म्हणजे घरात घुसलेल्या दरोडेखोराला सून मुसळाने हाणते, तेव्हा तिला प्रायश्चित्त देत बसणारा धर्म आपला नाही.

मग बंदुकीचे काय बिघडले? इथे मला वंदित्तु सूत्र आठवते. प्रतिक्रमणात आपण ते भरभर म्हणून जातो. आठव्या व्रताच्या जागी, अनर्थदंडाच्या ठिकाणी, दुसऱ्याच्या हाती दिल्या-देवविल्याबद्दल ज्या वस्तूंची नावे येतात, त्यात शस्त्र आहे, अग्नी आहे, मुसळ आहे, यंत्र आहे. शस्त्र आणि मुसळ एकाच ओळीत कसे, असे मला लहानपणी वाटे. त्याच व्रताचा एक अतिचार आहे, संयुक्ताधिकरण. टीकाकार त्याचा अर्थ अगदी घरगुती सांगतात. उखळात मुसळ लावून ठेवू नये, नांगराला फाळ बसवून ठेवू नये, धनुष्याला बाण जोडून ठेवू नये. दोन्ही वस्तू घरात असू शकतात. पण जोडून, तयार ठेवली की ती ज्याच्या हाती लागेल त्याची होते. घेणारा विचार न करता वापरतो, आणि दोष ठेवणाऱ्याकडेही येतो.

हे वाचताना मी थांबले. कारण घराच्या रक्षणासाठी ठेवलेल्या बंदुकीची सगळी गोष्ट या एका शब्दात आहे.

रात्री दोन वाजता चोर आला तर उपयोगी पडेल अशी बंदूक कशी असायला हवी? गोळ्या भरलेली, उशाशी, कुलपाशिवाय. आणि घरात मुले, पाहुणे, कामाच्या बाया, रागीट दीर, खचलेला मुलगा असताना सुरक्षित राहील अशी बंदूक कशी हवी? रिकामी, कुलपात, गोळ्या दुसऱ्या कपाटात, किल्ली तिसऱ्याकडे. पहिली दिवसभर धोक्याची. दुसरी रात्री दोन वाजता लोखंडाचा तुकडा. दोन्ही गुण एकाच बंदुकीत असत नाहीत. मॉडेल कोणतेही घ्या, लांब नळीचे की आखूड, ही अडचण तशीच राहते.

आता भाचीच्या फोटोकडे येते. हा प्रकार आपल्याकडच्या वाचकांना नवा असेल म्हणून थोडे सांगते. अमेरिकेत १९३४ चा एक कायदा आहे, त्यानुसार खांद्याला लावायच्या रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल तर तिची सरकारदरबारी खास नोंद करावी लागते. मग बनवणाऱ्यांनी खांद्याचा दस्ताच काढून टाकला. दस्ता नाही म्हणजे ती रायफल नाही, पिस्तूल झाले. नळी दहा-अकरा इंचांची, गोळी मात्र ५.५६ मिलिमीटरची, लष्करी रायफलची. पुढे हाताला बांधायचा पट्टा आला, जो लोक सर्रास खांद्याला टेकवत. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने यावर नियम काढला, २०२४ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. थोडक्यात, कायद्याच्या दोन व्याख्यांच्या फटीतून जन्मलेली ही वस्तू आहे. घराची गरज बघून ती कोणी घडवलेली नाही.

विकणारे सांगतात, आखूड असल्याने बोळात, दारात वळवायला सोपी. हे खरे आहे. लांब बंदूक दाराच्या चौकटीला अडते. पण त्याची किंमत काय? ही गोळी मुळात लांब नळीसाठी बनलेली. दारू नळीत पूर्ण जळायला वेळ मिळत नाही, उरलेली तोंडाशी जळते. त्यामुळे अंधारात डोळे दिपवणारा जाळ, आणि आवाज १६० डेसिबलच्या आसपास. बंद खोलीत, कानाला काही न लावता, असा एक बार झाला तर कान कायमचे बिघडू शकतात. बाजूच्या पलंगावर झोपलेल्या लेकराचेही. तिथली घरे लाकडी चौकटी आणि जिप्समच्या पातळ फळ्यांची. गोळी चुकली तर भिंत तिला अडवत नाही, आणि भिंतीपलीकडे मुलांची खोली. भाचीला मी एवढेच विचारले, की तुमच्या बेडरूमच्या दारातून नेम धरला तर पलीकडे कोण झोपते? ती बराच वेळ काही बोलली नाही.

आणखी एक आकडा तिला सांगितला. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे गेली. त्यातल्या २६,३२८ जणांनी स्वतःचा जीव घेतला होता. अर्ध्याहून जास्त. चोर राहिले बाजूला, ज्या घराने रक्षणासाठी बंदूक आणली त्याच घराचे माणूस गेले. १९९३ मध्ये तिथल्या एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला होता. ज्या घरात बंदूक, त्या घरात खून होण्याची शक्यता बंदूक नसलेल्या तशाच घराच्या पावणेतीन पट आढळली, आणि मारणारे बहुतेक घरचे किंवा ओळखीचे. या अभ्यासावर तिथे अजून वाद घालतात. घालोत. मला त्यात आश्चर्य वाटत नाही, कारण हे आपण खानदेशात, विदर्भात दुसऱ्या रूपात पाहिलेले आहे. फवारणीचे औषध. शेतकऱ्याच्या घरात ते कोपऱ्यात, हाताशी असते. एखाद्या रात्री मन काळे होते, सकाळपर्यंत ते निवळलेही असते, पण रात्री हाताशी बाटली असते. म्हणून तर सांगतात, औषध कुलपात ठेवा. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली तेव्हा तिथल्या आत्महत्या खूप खाली आल्या. दुःख तेच होते, पण साधन दूर गेले. आणि औषध घेतलेल्याला दवाखान्यात न्यायला निदान वेळ मिळतो. बंदूक तोही देत नाही. (तुमच्या घरात कोणी असे खचलेले असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येते.)

आता आपल्या गावाकडे. ओट्यावरच्या चर्चेत मी चहा द्यायला गेले तेव्हा जे ऐकले, त्यात निम्म्याहून अधिक गोष्टी सिनेमातल्या होत्या. आपला कायदा काय आहे ते जरा बघू.

१९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम. वय २१ पूर्ण हवे. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या बाबतीत नंदुरबारला. पोलिसांचा चौकशी अहवाल लागतो, जिवाला खरा धोका आहे हे दाखवावे लागते, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते, सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, पूर्वी तीन ठेवता येत. परवाना पाच वर्षांचा. भाचीच्या फोटोतले हत्यार आपल्याकडे सामान्य माणसाला मिळतच नाही. तसली अर्धस्वयंचलित शस्त्रे आणि लष्करी मापाच्या गोळ्या मनाई असलेल्या वर्गात आहेत.

एक गंमत बघा. आपला कायदा आखूड नळीकडे फार संशयाने बघतो. रक्षणासाठी म्हणून साधी बंदूक मागितली तर ती गुळगुळीत नळीची आणि नळी २० इंचांपेक्षा कमी नसावी, असे अधिनियमाच्या १३ व्या कलमात आहे. पीक राखायला ठासणीची बंदूक चालते. आणि ६ वे कलम नळी कापून आखूड करण्याविरुद्धही आहे. तसे केले तर शिक्षा किमान सात वर्षांची. कारण उघड आहे. लांब बंदूक लपत नाही. खांद्यावर घेऊन निघालात की सगळ्या गावाला दिसते. आखूड हत्यार उपरण्याखाली, सीटखाली, पिशवीत मावते, आणि जे लपते ते रक्षणापेक्षा इतर कामांनाच जास्त लागते.

लायसन्स नको, "तिकडून" आणू, असेही कोणीतरी हळूच म्हणाले. तिकडून म्हणजे सातपुड्याच्या पलीकडून. खेतिया ओलांडले की बडवानी जिल्हा, आणि त्याच जिल्ह्यातल्या उमर्टीचे नाव गावठी पिस्तुलांसाठी महाराष्ट्राच्या पोलिसांच्या तोंडी कायम असते. आपल्या खानदेशी पेपरात "गावठी कट्टा जप्त" ही बातमी वाचल्याशिवाय आठवडा जात नाही. मला मात्र बडवानी म्हटले की बावनगजा आठवतो. डोंगरात कोरलेला ८४ फुटी आदिनाथ. लहानपणी आजीबरोबर बसने गेलो होतो, पायाच्या नखाशी उभी राहिले तर मान दुखेपर्यंत वर बघावे लागले. एकाच जिल्ह्यात दोन्ही आहेत, आणि आपण कशासाठी घाट ओलांडायचा ते आपल्यावर. कट्ट्याचे म्हणाल तर त्याची नळी कधी फुटेल आणि कोणाचा पंजा नेईल याचा भरवसा नाही. विनापरवाना हत्यार सापडले की दोन ते पाच वर्षांची शिक्षा, आणि ते मनाई वर्गातले ठरले तर सात ते चौदा. चोराने चाळीस हजार नेले असते. इथे घरचा कर्ता माणूसच जातो.

बायकांसाठी म्हणून एक वेगळे गाजर आहे, तेही सांगते. दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्वर काढले. खास स्त्रियांसाठी, ५०० ग्रॅम वजनाचे, पर्समध्ये मावणारे, दागिन्याच्या डबीसारख्या पेटीत. किंमत सव्वा लाखाच्या जवळ. मला ती पेटी बघून राग आला होता. ज्या देशात बाईला एफआयआर लिहून घ्यायला तीन चकरा माराव्या लागतात, तिथे तिला सव्वा लाखाचे हत्यार दागिना म्हणून विकायचे, आणि म्हणायचे आता तू तुझे बघ. सव्वा लाख असलेल्या बाईकडे गाडी असते, ड्रायव्हर असतो. निंदणीला पहाटे निघणाऱ्या बाईला त्या पेटीचा काय उपयोग?

बंदूक चोरासाठी आणतात आणि ती मिरवायला निघते, हेही आपण महाराष्ट्रात पाहिले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, तेव्हा कळले की एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने होते. लग्नात, वाढदिवसाला हवेत बार काढल्याचे व्हिडिओ होते. नंतर त्यातले बरेच परवाने रद्द झाले. एवढ्या सगळ्यांच्या जिवाला धोका होता का? धोका प्रतिष्ठेला होता. आणि साधा अपघात म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट आठवा. अभिनेते गोविंदा प्रवासाला निघायच्या आधी आपले परवान्याचे रिव्हॉल्वर कपाटात ठेवत होते, ते सुटले आणि गोळी त्यांच्याच पायात गेली. वर्षानुवर्षे हत्यार बाळगणारा, सावध वयाचा माणूस, स्वतःचे घर, स्वतःचे कपाट. तिथे कपडे ठेवायला गेलेली सून असती तर?

आता अंधाराचे बोलू. हा मुद्दा शहरातल्या वाचकांना कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्याकडे शेतीपंपाची वीज पाळीने येते, आणि पाळी रात्रीची असली की रात्री बारा, दोन, तीन वाजता माणसे उठून मोटार चालू करायला जातात. डोक्याला मफलर, हातात काठी, बॅटरी कधी लावलेली कधी नाही. तुमच्या बांधावरून, तुमच्या अंगणाच्या कडेने. केळीचे पाणी बदलायला सालदार येतो. गाय व्यायची असली तर शेजारी न विचारता गोठ्यात डोकावतो. सासरे लघवीला उठतात आणि दिवा लावत नाहीत. या गावात रात्री हलणाऱ्या सावल्यांपैकी चोर एखादीच, बाकी सगळी आपली माणसे. बंदूकवाल्याला मात्र थांबून, ओळख पटवून, हाक मारून चालत नाही. चोराकडेही हत्यार असेल तर जो थांबला तो गेला. म्हणजे वरुणाचा नियम, समोरच्याने आधी प्रहार केल्याशिवाय आपण करायचा नाही, बंदुकीने पाळताच येत नाही. काठीने येतो. आरडाओरड्याने येतो. बंदुकीचा हिशेबच उलटा आहे, आधी आपण.

कायद्यानेही तो हिशेब मान्य केलेला नाही. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे आणि तो भक्कम आहे. जिवावर बेतले, अब्रूवर हात पडला, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कोणी घर फोडून आत आले, तर समोरच्याचा जीव गेला तरी कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा केली तर नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर नाही. मळ्यातली केबल कापून नेणाऱ्याला, मोटार उचलणाऱ्याला पाठीमागून गोळी घातली तर तो तुमचा हक्क नाही, तो खून आहे. हे फरक रात्री दोन वाजता, झोपेतून उठून, थरथरत्या हाताने करायचे असतात. न्यायाधीश ते दिवसा, पंख्याखाली बसून, दोन वर्षांनी तपासतात.

बिबट्यासाठी तरी असावी, हा शेवटचा युक्तिवाद. उसामुळे बिबट्या आपल्या दारात आला, हे खरे, आणि ज्या आईचे लेकरू त्याने नेले तिच्यासमोर अहिंसेवर बोलायची माझी छाती नाही. वन्यजीव कायद्यातही खरोखर जीव वाचवताना बिबट्या मेला तर तो गुन्हा धरत नाहीत. पण खिडकीतून अंधारात झाडलेल्या गोळीने बिबट्या मरत नाही, जखमी होतो, आणि जखमी बिबट्या शिकार करता येत नाही म्हणून माणसाकडे वळण्याचा धोका असतो. पिंजरा, उजेड, गोठ्याला जाळी, मुलांना संध्याकाळी एकटे न सोडणे, यातले काहीही बंदुकीपेक्षा जास्त जीव वाचवते.

मग मळ्यातल्या त्या घराने करायचे काय? कडी कोणी हलवली ही गोष्ट काही खोटी नाही. आपल्या शास्त्रात सात भये मोजली आहेत, त्यातले एक आदानभय, कोणी आपले घेऊन जाईल याचे भय. ते मोजले आहे, म्हणजे ते सगळ्यांना असते. मी त्या वहिनींकडे जाऊन दुपारभर बसले. घर बघितले. पुढचे दार सागवानी, मागचे पत्र्याचे, त्याची कडी एका लाथेची. तिथे आतून अडसर घालायला लावला. जुन्या वाड्यांना असायचा तसा, भिंतीत दोन्ही बाजूंना खोबणी करून आडवा दांडा. सुताराने एका दिवसात बसवला. अंगणात हालचालीने लागणारा सौर दिवा लावला. झोपायच्या खोलीच्या दाराला आतून चांगली कडी, म्हणजे कोणी घरात आलेच तर सगळ्यांनी एका खोलीत जमायचे, दार लावायचे, आणि ११२ लावायचा. मोबाइल रात्री चार्जिंगला ओसरीवर लावून ठेवायची सवय असते, ती मोडायला सांगितली. फोन उशाशी हवा. पपईचे पैसे थेट खात्यात घ्यायचे, व्यापारी कुरकुरला तरी. सोने लॉकरला. आणि दोन कुत्री. कुत्र्याला रोज पोळी घालायची, ते आपल्या धर्मातही बसते आणि त्याच्याइतका जागा कोणी राहत नाही.

सगळ्यात उपयोगी मात्र व्हॉट्सअॅप ग्रुप ठरला. मळ्यातल्या सहा घरांचा, फक्त बायकांचा. नियम एकच, त्यावर सुप्रभात टाकायचे नाही. कुठे खुट्ट झाले तर ग्रुप कॉल, आणि सहाही घरांचे दिवे एकदम लागले पाहिजेत. पहिल्या आठवड्यात दोनदा लागले. एकदा रानडुक्कर निघाले, एकदा मोटार चालू करायला निघालेला एकीचा नवरा. हे वाचून हसणाऱ्या भाऊंनी एवढे लक्षात घ्यावे, की दोन्ही वेळा सगळे जिवंत घरी गेले.

एवढे करूनही कोणाच्या जिवाला खरा, नावानिशी धोका असेल, कोर्टात साक्ष द्यायची असेल, सराफीचा माल रोज न्यावा लागत असेल, तर मी त्याला अडवणार नाही. त्याने रीतसर परवाना काढावा, नीट शिकावे, आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात ठेवावी. पण तो निर्णय घरातल्या बाईला विचारून व्हावा. घरात कोणाची झोप उडाली आहे, कोणाचा पारा कधी चढतो, कोणते पोर कपाटाच्या कोणत्या खणापर्यंत पोचते, हे तिला माहीत असते. अर्जात या माहितीचा रकाना नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. आपल्या भागात बऱ्याच जुन्या घरांत आजोबांची बारा बोअरची बंदूक माळ्यावर किंवा जुन्या लाकडी कपाटात असते. आजोबा गेले, परवाना त्यांच्या नावाचा, आणि "कोण वापरतंय" म्हणून ती तशीच पडून राहते. परवानाधारक गेल्यावर ती बंदूक घरात ठेवणे बेकायदा आहे, मग ती गंजलेली असो की नसो. अधिनियमाच्या २१ व्या कलमाप्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. वारसाला हवी असेल तर त्याने आपल्या नावे परवाना मागायचा, नको असेल तर ती विकता येते किंवा सरकारजमा करता येते. दिवाळीची आवराआवर काढाल तेव्हा माळ्यावर बघा. गोळ्यांचा डबा वेगळा असतो, बहुतेक बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. तोही शोधा, आणि मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा. बंदुकीला स्वतः हात लावू नका, रिकामी आहे असे घरचे शंभर वेळा म्हणाले तरी. पोलीस ठाण्यात फोन करून त्यांनाच उचलायला बोलवा.